समुद्राकडे जाणारा रस्ता

मुंबईतील प्रिन्सेस स्ट्रीट दाट वस्ती चिरीत थेट समुद्राकडे का जातो, याचे उत्तर १८९६ च्या प्लेगात आहे. उंदीर मेले, की त्यांच्या अंगावरील पिसवा, धनी बुडालेल्या चाकरांप्रमाणे, नव्या आश्रयासाठी माणसाकडे वळत. आणि पिसवेच्या जठराच्या तोंडाशी रोगजंतूंची गुठळी जमून रक्त आत जाईनासे झाले, की ती भुकेने पुनःपुन्हा दंश करून तेच जंतू माणसाच्या शरीरात सोडी. भयाने मजूर गावी परतले आणि गिरण्यांना कामकरी मिळेनात.

कोंदट हवेमुळे रोग पसरतो, या तत्कालीन समजुतीने सरकारने १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापून समुद्रवाऱ्यासाठी असे रस्ते काढविले. हवा-उजेड लाभला, परंतु ज्यांची घरे पाडली गेली, त्या गरिबांची गर्दी शेजारच्या वस्तीत वाढली, आणि उंदरांना तेथेही दाणा मिळतच राहिला.