सुरांची किंमत मागणारा व्हिक्टर हर्बर्ट

१८८६ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने स्टुटगार्टची गायिका टेरेझ फ्योर्स्टर हिला करारबद्ध केलं. तिचा नवरा चेलोवादक होता, त्यालाही तिथल्याच वाद्यवृंदात जागा मिळाली. पुढे ती रंगमंचापासून दूर झाली आणि नवऱ्याच्या, व्हिक्टर हर्बर्टच्या, नावाने ब्रॉडवे गाजू लागला.

हर्बर्टचा जन्म १८५९चा. आयरिश कादंबरीकार आणि गीतकार सॅम्युअल लव्हर हे त्याचे आजोबा. आईने जर्मन डॉक्टरशी लग्न केलं आणि मुलगा स्टुटगार्टला वाढला. तरुणपणी तो व्हिएन्नात एडुआर्ड श्ट्राउसच्या वाद्यवृंदात वाजवत होता. पुढे त्याच्या ऑपेरेट्टांत जी वॉल्ट्झ भेटते, तिचं घराणं मला तिथलंच वाटतं.

मार्च १८९४मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसोबत त्याने स्वतःचा दुसरा चेलो कन्चेर्टो सादर केला. श्रोत्यांत आन्तोनिन ड्वोर्झाक होते. एकलवादनाचं वाद्य म्हणून चेलोवर त्यांचा फारसा भरवसा नव्हता. हर्बर्टला ऐकून तो भरवसा बसला, आणि त्याच वर्षाअखेरीस त्यांनी आपला बी मायनर कन्चेर्टो लिहायला घेतला. चेलोच्या साहित्यातलं हे शिखर उभं राहण्यामागे हर्बर्टचा हात आहे, याची आठवण फार थोडे ठेवतात.

त्याच वर्षी त्याची पहिली ऑपेरेट्टा, ‘प्रिन्स अनानायस’, रंगमंचावर आली. ऑपेरेट्टा म्हणजे बोलते संवाद, गाणी आणि बहुधा गोड शेवट. आपल्या संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला ती परकी वाटू नये. मग ‘द फॉर्च्युन टेलर’, ‘बेब्स इन टॉयलँड’, ‘द रेड मिल’ अशी रांगच लागली. मधली काही वर्षं तो पिट्सबर्गच्या सिम्फनी वाद्यवृंदाचा संचालकही होता. ब्रॉडवेवर चाली एकाने बांधायच्या आणि वाद्यमेळ दुसऱ्याने लिहायचा, ही रीत सर्रास होती. हर्बर्ट वाद्यमेळ स्वतः लिहायचा. करमणुकीच्या संगीतालाही त्याने सिम्फनीइतकीच मेहनत दिली, आणि माझ्या मते त्याचं मोठेपण इथेच आहे.

१९१०च्या ‘नॉटी मॅरिएटा’ची नायिका एमा ट्रेन्टिनी. एका प्रयोगात हर्बर्ट स्वतः वाद्यवृंदापुढे उभा असताना तिने ‘वन्स मोअर’ द्यायचं नाकारलं. तो इतका दुखावला की तिच्यासाठी पुढची ऑपेरेट्टा लिहायला त्याने साफ नकार दिला. ते काम प्रागहून आलेल्या रुडॉल्फ फ्रिमलकडे गेलं. ‘द फायरफ्लाय’ने फ्रिमलचं नशीब उघडलं.

ब्रॉडवेवरच्या शॅनलीज रेस्टॉरंटमध्ये हर्बर्टच्या ‘स्वीटहार्ट्स’ या ऑपेरेट्टातलं गाणं गायलं गेलं, तेव्हा मात्र प्रश्न मानापमानाचा नव्हता, पोटाचा होता. गाण्यासाठी आम्ही वेगळे पैसे घेत नाही, असा मालकाचा बचाव होता आणि खालच्या न्यायालयांनी तो मानला. हर्बर्ट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जानेवारी १९१७मध्ये न्यायमूर्ती होम्स यांनी निकाल दिला: संगीत ऐकत जेवायला लोक येतात, म्हणजे संगीताचे पैसे बिलात येतातच. आस्कॅप ही संगीतकार-गीतकारांची संघटना १९१४मध्ये स्थापन झाली होती. हर्बर्ट तिच्या संस्थापकांपैकी एक. या निकालाने तिच्या वसुलीला कायद्याचा भक्कम आधार मिळाला.

फेब्रुवारी १९२४मध्ये गर्श्विनची ‘रॅप्सडी इन ब्लू’ ज्या मैफलीत पहिल्यांदा वाजली, तिथे हर्बर्टचीही नवी रचना होती. मे महिन्यात तो गेला.

त्याच्या ऑपेरेट्टांचे प्रयोग आज क्वचितच होतात. पण दुसऱ्या चेलो कन्चेर्टोची ध्वनिमुद्रणं मिळतात. आधी तो ऐका, लगेच ड्वोर्झाकांचा लावा.