आईचा आजार, लेकीची काळजी

आपल्या वस्त्यांमध्ये ‘पिशवीचा कॅन्सर’ या एकाच नावाखाली तीन आजार येतात. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. अंडाशयाचा आणि गर्भपिशवीच्या अस्तराचा कॅन्सर मात्र काही घरांत पिढीजात जनुकदोषामुळे होतो.

बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुके पेशीतली बिघाड-दुरुस्ती करतात. त्यांत दोष असेल तर स्तनाच्या व अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. अंडाशयाचा कॅन्सर झालेल्या शंभर स्त्रियांपैकी साधारण १५ ते २० जणींत असा दोष सापडतो. ‘लिंच सिंड्रोम’ या दुसऱ्या दोषात गर्भपिशवीचा आणि आतड्याचा कॅन्सर होऊ शकतो. दोष आईकडून येतो तसाच वडिलांकडूनही येतो. मुलगा असो की मुलगी, प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. म्हणून मावशीबरोबर आत्याच्याही आजाराची माहिती डॉक्टरांना सांगावी.

तपासणी रक्ताच्या किंवा लाळेच्या नमुन्यावर होते. तिचे दोन फायदे आहेत. दोष सापडल्यास रुग्णाला ओलापारिबसारखे औषध उपयोगी पडू शकते. आणि लेकी-बहिणींना आजार होण्याआधीच सावध होता येते. अंडाशयाचा कॅन्सर लवकर ओळखणारी खात्रीची चाचणी नाही, म्हणून हे महत्त्वाचे.

तरीही अनेक जणी नको म्हणतात. ओपीडीत गर्दी, डॉक्टरांकडे वेळ कमी, शब्द नवे. घरी आल्यावर सासूबाईंना, मालकांना काय सांगायचे? आणि मनात भीती, लेकीचे लग्न अडेल का?

इथे छोटा मराठी व्हिडिओ कामी येतो. तो थांबवून, पुन्हा लावून, घरच्यांसोबत पाहता येतो. वाचता न येणाऱ्या आजीलाही तो कळतो. चांगल्या व्हिडिओत तपासणी कशासाठी, खर्च किती, निकालाचा अर्थ काय आणि नाही म्हणण्याचा हक्क, हे सारे असते. निकाल कधी ‘अनिश्चित’ही येतो, हेही तो सांगतो. जडीबुटी विकणारे फिरते व्हिडिओ वेगळे. ते पुढे पाठवू नका. व्हिडिओ पाहून झाल्यावर समुपदेशकाशी बोलणे आवश्यकच.

आपण काय करावे? उपचार घेणाऱ्या भगिनीने डॉक्टरांना थेट विचारावे, “माझी जनुक तपासणी करायची गरज आहे का? समजावणारा मराठी व्हिडिओ आहे का?” खर्चाबाबत ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षकांना भेटावे, पैसे भरण्याआधी सवलत विचारावी. टाटा स्मारकच्या खारघर येथील ॲक्ट्रेक केंद्रात कॅन्सर जनुकांसाठी स्वतंत्र क्लिनिक आहे. विहारात महिला मंडळ जमते तेव्हा डॉक्टरांना बोलावून असा व्हिडिओ सर्वांनी मिळून पाहावा, असे आम्ही सुचवतो.

जनुकदोष हे मागच्या जन्मीचे पाप नव्हे, आणि सुनेचा किंवा लेकीचा गुन्हाही नव्हे. ती शरीराची माहिती आहे. ती वेळेवर कळली तर घरातला पुढचा जीव वाचू शकतो.