त्र्यंबकची गर्दी, हजची गर्दी आणि कॉलेजचा प्रोजेक्ट

डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मूल असलं की घरात एक मागणी ठरलेली असते, ‘प्रोजेक्टचे पैसे द्या’. अब्बू काढून देतात, विषय काय ते फारसं कुणी विचारत नाही. अनेकदा तो पैसा सरळ दुकानात जातो. तिथे तयार सर्किट मिळतं, छापलेला रिपोर्ट मिळतो, तोंडी परीक्षेत काय विचारतील तेही सांगितलं जातं. मार्क पडतात, डिग्री येते. पुढे नोकरीच्या मुलाखतीत ‘यात तू स्वतः काय केलंस?’ असा प्रश्न आला की मात्र गाडी अडते.

खरा प्रोजेक्ट कसा असतो, हे समजून घ्यायला फार लांब जायला नको. आपल्याच नाशिक जिल्ह्यात त्याचं चांगलं उदाहरण आहे.

त्र्यंबकेश्वर हे ब्रह्मगिरीच्या पायथ्याचं छोटं गाव. 2011 च्या जनगणनेत वस्ती सुमारे बारा हजार. सिंहस्थ कुंभात मात्र तिथे लाखो लोक येतात, आणि शैव आखाड्यांचं स्नान होतं ते कुशावर्तावर. हे कुंड काही मोठं नाही, आजूबाजूला घरं, दुकानं, अरुंद रस्ते. जिल्ह्याला एक जुनी जखमही आहे. 27 ऑगस्ट 2003 रोजी नाशिकच्या कुंभात चेंगराचेंगरी झाली आणि 39 भाविक गेले.

2015 चा कुंभ जवळ आला तेव्हा मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेत एमआयटी मीडिया लॅबमध्ये प्राध्यापक असलेले रमेश रासकर यांच्या पुढाकाराने नाशिकमध्ये ‘कुंभथॉन’ नावाची शिबिरं भरली. विद्यार्थी, शिक्षक, उद्योजक आणि प्रशासनातली माणसं एकत्र बसली. गर्दी, आरोग्य, राहण्याची सोय असे कुंभातले खरेखुरे प्रश्न मुलांसमोर ठेवले गेले. उत्तर कुणाकडेच तयार नव्हतं, शिक्षकांकडेही नाही. आम्हाला यातली हीच गोष्ट सर्वात मोलाची वाटते.

त्यातून ‘आशियोतो’ नावाची चटई आली. जपानीत या शब्दाचा अर्थ पावलांचा आवाज. निलय कुलकर्णी हा नाशिकचा शाळकरी मुलगा या कामात पुढे होता, नंतर त्याने टेडच्या व्यासपीठावर त्याबद्दल सांगितलंही. रस्त्यावर आडवी टाकलेली चटई, तिच्यावर पाऊल पडलं की मोजणी, आणि आकडा लगेच कंट्रोल रूमला. 2015 च्या कुंभात या चटईने 18 तासांत पाच लाखांच्या आसपास माणसं मोजली.

तत्त्व ऐकायला सोपं आहे. दाब पडला की सेन्सरचा विद्युत संकेत बदलतो, ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेला की एक पाऊल धरायचं. पण वर्गात कधी न येणारे प्रश्न इथे सुरू होतात. दोन माणसं एकदम चढली तर? अनवाणी म्हातारीचं हलकं पाऊल आणि बूट घातलेल्या शिपायाचं पाऊल, मर्यादा दोघांना एकच ठेवायची का? भर पावसाळ्यात, चिखलात चटई टिकेल का? वीज गेली तर?

आणि चूक किती चालेल? जरा हिशेब करून पाहू. 500 चौरस मीटरचा एक चौक धरा. आत जाणारी चटई शंभरातली दोन माणसं सोडते, बाहेरची मोजणी बिनचूक आहे. 50,000 माणसं आत गेली की 1,000 माणसं मोजायची राहिली. म्हणजे चौरस मीटरमागे दोन माणसं. कंट्रोल रूमच्या पडद्यावर तीन दिसतील तेव्हा चौकात पाच असतील. तीन म्हणजे दाटी, पाच म्हणजे धोका, आणि सहा-सातला माणूस स्वतःच्या पायावर राहत नाही, गर्दी नेईल तिकडे जातो. ‘फक्त दोन टक्के चूक’ याचा अर्थ मुलाला असा हिशेब केल्यावर कळतो. पुस्तकातल्या उदाहरणात दोन टक्क्याने काही बिघडत नाही.

हा विषय आपल्या घरांपासून दूर नाही. 24 सप्टेंबर 2015 रोजी मिनामध्ये हज यात्रेकरूंची चेंगराचेंगरी झाली. सौदी सरकारचा आकडा 769 मृत्यूंचा, देशोदेशीच्या सरकारांनी दिलेले आकडे मिळवले तर दोन हजारांच्या वर जातो. दुसऱ्याच दिवशी, 25 सप्टेंबरला, आपल्याकडे बकरी ईद होती आणि त्र्यंबकला तिसरं शाही स्नान. ते सुखरूप पार पडलं.

हजच्या गर्दीवर विद्यापीठांनी पुष्कळ काम केलंय. सामी अंगावी यांनी 1975 मध्ये हज संशोधन केंद्र सुरू केलं, आज ते काम मक्केच्या उम्म अल-कुरा विद्यापीठात चालतं. 12 जानेवारी 2006 रोजी जमरातला साडेतीनशेच्या आसपास हाजी चेंगरून मेले. त्या दिवसाचं कॅमेऱ्यातलं चित्रण डिर्क हेल्बिंग आणि सहकाऱ्यांनी संगणकावर तपासलं. त्यांना दिसलं ते असं: गर्दी आधी संथ वाहते, मग थांबत-थांबत, लाटांसारखी पुढे सरकते आणि शेवटी कुठल्याही दिशेने ढकलली जाते. लाटा सुरू झाल्या की इशारा समजायचा, कारण अजून थोडा वेळ हातात असतो. 2007 मध्ये हा शोधनिबंध भौतिकशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला. जुना जमरात पूल पाडून अनेक मजली, एकेरी वाटांचा नवा पूल झाला. तरी 2015 चा अपघात झालाच, तो पुलावर नाही, पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. नुसत्या यंत्राने काम भागत नाही.

म्हणजे मालेगावात मन्सुऱ्याला शिकणारी मुलगी उरूस, जत्रा किंवा ईदगाहच्या दारावरची ये-जा मोजायचा प्रोजेक्ट घेते, तेव्हा ती मोठ्या संशोधनाच्याच वाटेवर असते. साधनं महाग राहिलेली नाहीत. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये सॉफ्टवेअरचे धडे मराठीतही आहेत, एनपीटीईएलची व्याख्यानं फुकट बघता येतात, आणि ‘शोधगंगा’वर देशभरातले पीएचडीचे प्रबंध वाचायला मिळतात. कमी पडतो तो वेळ देणारा शिक्षक. एकेका सरांकडे बरेच गट असले तर प्रोजेक्ट तपासायचा म्हणजे सही करायची, एवढंच उरतं. त्यात दोष एकट्या सरांचा आहे असं आम्ही म्हणणार नाही.

पालकांनी करण्यासारखं मात्र आहे. पैसे देताना मुलाला विचारा, ‘हे कुणासाठी बनवतोयस? त्याला भेटलास का?’ बनवलेली वस्तू चालली नाही तेव्हाची नोंद वहीत आहे का, तेही विचारा. दुकानातल्या प्रोजेक्टला बिघाडाची वही नसते. आणि मुलीला माहिती गोळा करायला रस्त्यावर, गर्दीत जावं लागणार असेल तर तिला घरी बसवू नका, सोबत जा. मोजायला चार हात जास्त लागतातच.

पुढचा सिंहस्थ 2026-27 चा आहे. त्र्यंबकच्या रस्त्यांवर पुन्हा तीच गर्दी येईल. गटाचा विषय बहुतेक कॉलेजांत पहिल्या सत्राच्या सुरुवातीलाच नोंदवावा लागतो, तेव्हा सरांशी बोलायचं असेल तर त्याआधी.