अंककोड्यांमागील कारण : ३७ आणि ६१७४

कार्ले येथील चैत्यगृहात दोन्ही बाजूंस प्रत्येकी १५ व स्तूपामागे ७ असे ३७ खांब आहेत. सहलीस आलेल्या विद्यार्थ्यांकडून ते मोजून घेतल्यावर एक कोडे घालता येते. ३७ने भाग जाणारी कोणतीही तीन अंकी संख्या घ्यावी, उदा. १४८. तिचा शतकस्थानचा अंक शेवटी न्यावा : ४८१. पुन्हा तसेच करावे : ८१४. या दोन्ही संख्यांनाही ३७ने भाग जातो. असे का व्हावे?

मूळ संख्येच्या दहापटीतून शतकस्थानच्या अंकाची ९९९ पट वजा केली, की फिरवलेली संख्या मिळते (१४८० − ९९९ = ४८१). ९९९ म्हणजे २७ × ३७. म्हणून विभाज्यता टिकते. खांब कोरणाऱ्यांच्या मनात असे काही नव्हते, हे सांगावयास नकोच.

हाच ९९९ देवळालीचे शालेय शिक्षक द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) यांच्या स्थिरांकामागेही आहे. सर्व अंक समान नसलेली चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान वजा करावी आणि उत्तरावर हीच क्रिया करीत राहावे. उत्तर तीन अंकी आल्यास आधी शून्य लिहावे. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते व तेथेच स्थिरावते. खुद्द कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेतल्यास ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४ अशा पूर्ण सात पायऱ्या लागतात.

वर्गात हे बहुधा चमत्कार म्हणून सांगितले जाते आणि विषय तेथेच संपतो. हे काम क्षुल्लक मानले गेले, त्यास ही सवयही कारणीभूत असावी. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील सदरात लिहिल्यावर कापरेकरांचे नाव जगभर पोहोचले. वस्तुतः कारण अवघड नाही. उतरत्या क्रमातील अंक अ, ब, क, ड मानल्यास वजाबाकी ९९९(अ − ड) + ९०(ब − क) इतकी येते. म्हणजे उत्तर चार अंकांवर नव्हे, केवळ दोन फरकांवर अवलंबून असते. पहिला फरक १ ते ९ असतो. दुसरा पहिल्याहून मोठा असू शकत नाही. अशा जोड्या २ + ३ + … + १० = ५४ एवढ्याच. हजारो संख्या पहिल्याच पायरीत ५४ उत्तरांत गोळा होतात, त्यांतीलही अनेकांचे अंक तेच असतात. ती विद्यार्थ्यांत वाटून एका तासिकेत तपासता येतात, आणि ही तपासणी हीच सिद्धता होय.

तीन अंकी संख्यांत वजाबाकी ९९(अ − क) येते. तेथे नऊच उत्तरे तपासावी लागतात व ४९५ मिळते. पाच अंकी संख्यांना मात्र असा थांबा नाही. त्या चक्रांत फिरत राहतात.