दोन काड्या आणि एक थाळी

भिवंडीतील एका विवाहसमारंभात जैन नूडल्सच्या काउंटरवर कागदी वेष्टनातील लाकडी चॉपस्टिक्स ठेवल्या होत्या. माझ्या नातवाने जोडकाड्या विलग केल्या, एकमेकींवर घासल्या आणि चार घास खाऊन काड्या, ताटली व उरलेले नूडल्स एकत्रच टोपलीत टाकले. त्यात कोणासच काही वावगे वाटले नाही.

अशा काड्यांना जपानमध्ये ‘वारिबाशी’ म्हणतात. एकदाच वापरायच्या या वस्तूचेही तेथे शिष्टाचार आहेत. काड्या घासणे म्हणजे यजमानाने हलकी वस्तू दिली, असे सुचविणे. भातात त्या उभ्या खोचत नाहीत, कारण तसा भात मृतास अर्पण करतात. आपल्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास देत नाहीत, कारण दहनानंतर अस्थी तशा दिल्या जातात. जेवण झाल्यावर काड्या पुन्हा वेष्टनात ठेवतात.

मात्र शिष्टाचाराने झाड वाचत नाही. चीनने २००६ मध्ये लाकडी काड्यांवर ५ टक्के कर बसविला, तो वनरक्षणासाठीच. आपल्याकडे १ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकच्या ताटल्या-चमच्यांवर बंदी आली आणि त्यांची जागा कागद व लाकडाने घेतली. कायदा पाळला गेला. परंतु श्रावकाचा हिशेब तेथे संपत नाही. वनस्पतिकायही जीवच आहेत. पर्याय हाताशी असता दहा मिनिटांच्या सोयीसाठी त्यांची विराधना करणे, हा माझ्या मते अनर्थदंडच होय.

आणखी एक हानी आहे. उष्ट्या अन्नात दोन घडींत, म्हणजे ४८ मिनिटांत, संमूर्च्छिम जीव उत्पन्न होतात, असे शास्त्र सांगते. म्हणून थाळी धुऊन ते पाणी पिण्याची आपली रीत. कागदी ताटलीने ही रीतच हिरावून घेतली.

भांडी घासण्यास पाणी लागते, अप्कायाची विराधना होते, हा आक्षेप रास्त आहे. परंतु धुऊन प्यायलेली थाळी जवळजवळ स्वच्छच असते. तिला पाणी थोडे पुरते.

यंदा घरच्या पारण्यास आम्ही स्टीलच्या थाळ्या भाड्याने आणल्या. मजुरी धरता खर्च काहीसा वाढला, टोपली मात्र रिकामी राहिली. नातवाने प्रथम तोंड वाकडे केले. मग आजीकडे पाहून थाळी धुतली आणि ते पाणी प्याला.

केटररला काम सोपविताना दराबरोबरच थाळीचीही अट घालावी, एवढीच विनंती. जय जिनेंद्र.