लोम : लाकडात आणि हिमात टिकलेला इतिहास

नॉर्वेतील योटुनहाइमेन या पर्वतप्रदेशाच्या प्रवेशद्वाराशी वसलेले लोम हे छोटे गाव उत्तर युरोपातील सर्वांत उंच शिखर असलेल्या गाल्ढोपिग्गेनच्या (२,४६९ मीटर) पायथ्याच्या प्रदेशात येत असले, तरी त्याची खरी ओळख बाराव्या शतकातील ‘स्टाव्ह चर्च’मुळे आहे. दगडी पायावरील आडव्या तुळयांत उभे जाड खांब रोवून आणि त्यांच्यामध्ये उभ्या फळ्या बसवून बांधलेल्या लाकडी चर्चला हे नाव असून, मध्ययुगात अशी शेकडो चर्च असलेल्या नॉर्वेत आज त्यांपैकी केवळ २८ शिल्लक आहेत. जमिनीतील ओल लाकडाला लागू न देणारी ही रचना आणि वेळोवेळी दिलेला पाइन वृक्षाच्या डांबराचा लेप यांमुळे लोमचे चर्च टिकले. सतराव्या शतकात त्याचा विस्तार होऊन त्याला क्रुसाचा आकार मिळाला.

गावाजवळच्या लेंडब्रेन या हिमक्षेत्रातून व्हायकिंग काळात एक डोंगरवाट जात असे. तापमानवाढीने तेथील बर्फ वितळू लागल्यावर सुमारे १,७०० वर्षांपूर्वीचा लोकरी अंगरखा आणि घोड्यांना बर्फावर चालता यावे म्हणून त्यांच्या खुरांना बांधायच्या पादुका अशा वस्तू उघड्यावर आल्या. शतकानुशतके बर्फाने जपलेले लाकूड व लोकर हवा लागताच झिजू लागत असल्यामुळे पुरातत्त्वज्ञांना अशा वस्तू वेळीच शोधाव्या लागतात, आणि म्हणून लोमचा वारसा पाहणाऱ्याने त्याच्या रक्षणाची निकडही जाणून घेणे अगत्याचे आहे.