ख्रिस्ती मंडळ्यांचे ऐक्य आणि पाळकदीक्षेचा प्रश्न

ख्रिस्ती पंथांतील भेद हे मुख्यतः सिद्धान्तभेद होत आणि ते मिटले की ऐक्य आपोआप साधेल, असा एक समज सर्वत्र आढळतो. भारतातील प्रॉटेस्टंट मंडळ्यांचा विसाव्या शतकातील इतिहास या समजाला फारसा आधार देत नाही. ज्या मंडळ्या एकच पवित्र शास्त्र मानीत होत्या आणि ज्यांची मूलभूत श्रद्धाही बहुतांशी समान होती, त्यांना एकत्र येण्यास दशकेच्या दशके लागली. अडचण होती ती एका वेगळ्याच प्रश्नाची : पाळकास दीक्षा देण्याचा अधिकार कोणाचा?

या प्रश्नाचे मूळ युरोपच्या, विशेषतः इंग्लंड व स्कॉटलंडच्या, सोळाव्या-सतराव्या शतकांतील इतिहासात आहे. अँग्लिकन परंपरेत दीक्षेचा अधिकार बिशपाकडे असतो आणि बिशपपदाची परंपरा प्रेषितांच्या काळापासून अखंड चालत आली आहे, अशी त्या परंपरेतील अनेकांची धारणा आहे. प्रेस्बिटेरियन पद्धतीत हा अधिकार वडीलवर्गाच्या सभेकडे असतो, तर काँग्रिगेशनल पद्धतीत प्रत्येक स्थानिक मंडळी स्वायत्त असते. मिशनऱ्यांबरोबर हे भेद भारतात आले. तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनने काँग्रिगेशनल मंडळ्या स्थापिल्या. त्याच जिल्ह्यात अँग्लिकन मिशनऱ्यांनीही कार्य केले. परिणामी, एकच भाषा बोलणारे व एकाच परिसरात राहणारे मराठी ख्रिस्तीजन दोन निरनिराळ्या शिस्तींत विभागले गेले. ज्या वादातून ही विभागणी उद्भवली, त्या वादाशी त्यांचा वा त्यांच्या पूर्वजांचा कसलाही संबंध नव्हता.

ऐक्याच्या मागणीस भारतात जी धार आली ती या विसंगतीमुळे. रेव्ह. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मांडलेल्या 'देवाचा दरबार' या कल्पनेतही मिशनांच्या चौकटीबाहेर जाणाऱ्या ख्रिस्तभक्तांच्या बंधुत्वाची आकांक्षा होती. मे १९१९ मध्ये तरंगंबाडी येथे भरलेल्या परिषदेत बहुतांश भारतीय धर्मसेवकांनी एकत्रीकरणाचे आवाहन केले. आपली विभागणी आपण निर्माण केलेली नाही, हा त्या निवेदनाचा एक प्रमुख आशय होता. अँग्लिकन मंडळीचे पहिले भारतीय बिशप व्ही. एस. अझरिया हे या परिषदेचे एक सूत्रधार होते. वाटाघाटींचा पाया म्हणून पुढे आलेली तत्त्वे चार होती : पवित्र शास्त्र, प्राचीन मतांगीकार, बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे दोन संस्कार आणि स्थानिक परिस्थितीस अनुरूप असे ऐतिहासिक बिशपपद. ही चतुःसूत्री अँग्लिकन बिशपांच्या १८८८ च्या लँबेथ परिषदेने स्वीकारलेली होती. पहिल्या तीन सूत्रांवर मोठा वाद झाला नाही; चौथ्यावर अठ्ठावीस वर्षे खर्ची पडली.

बिशपपद स्वीकारण्यास इतर मंडळ्या अखेर तयार झाल्या. परंतु बिशपाकडून दीक्षा न मिळालेल्या त्यांच्या विद्यमान पाळकांचे काय करावयाचे? त्यांना पुन्हा दीक्षा द्यावी, तर त्यांची आजवरची सेवा अपूर्ण वा अवैध होती असे कबूल केल्यासारखे होते; देऊ नये, तर अनेक अँग्लिकनांच्या मते संस्कारांच्या प्रामाण्यास बाध येतो. एकाचा स्वाभिमान आणि दुसऱ्याची सदसद्विवेकबुद्धी यांचा हा पेच होता.

दक्षिण भारताने हा पेच काळाच्या हाती सोपविला. २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रास येथे दक्षिण भारत मंडळी स्थापन झाली. सर्व विद्यमान पाळक पुनर्दीक्षेवाचून स्वीकारले गेले आणि यापुढील प्रत्येक दीक्षा बिशपांच्या हस्ते व्हावी, असे ठरले. तीस वर्षांचा संक्रमणकाळ मानण्यात आला. एखाद्या मंडळीच्या विवेकास न पटणारा पाळक तिच्यावर लादला जाणार नाही, असे अभिवचनही देण्यात आले. या मार्गाची किंमतही द्यावी लागली. नंद्याळ परिसरातील अँग्लिकन मंडळ्या प्रारंभी संयोगाबाहेर राहिल्या आणि १९४८ च्या लँबेथ परिषदेत नव्या धर्मसेवेच्या मान्यतेविषयी एकमत झाले नाही. अझरिया १९४५ च्या प्रारंभीच निवर्तले असल्याने संयोग पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही.

उत्तरेने निराळा मार्ग स्वीकारला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्यांच्या संयोगातून उत्तर भारत मंडळी उदयास आली. येथे प्रारंभीच सर्व परंपरांच्या धर्मसेवकांनी परस्परांवर हस्तारोपण करून प्रार्थना केली. हा विधी पुनर्दीक्षा नव्हे, असे स्पष्ट करण्यात आले होते; ज्याला जे उणे असेल ते देवाने द्यावे, असा त्याचा भाव होता. बाप्तिस्ट व तत्सम मंडळ्या सामील असल्यामुळे बालबाप्तिस्मा आणि प्रौढ विश्वासूचा बाप्तिस्मा या दोन्ही प्रथा ग्राह्य मानण्यात आल्या. मात्र अमेरिकन परंपरेतील मेथडिस्ट मंडळीने ऐन १९७० मध्ये माघार घेतली, हीदेखील या प्रयोगाच्या इतिहासातील महत्त्वाची घटना होय.

दोन्ही मार्गांची तुलना केली असता एक गोष्ट ध्यानात येते. दक्षिणेने विसंगती काही काळ उघडपणे सहन केली. उत्तरेने ती पहिल्याच दिवशी एका विधीत विलीन केली, परंतु त्या विधीचा अर्थ प्रत्येक परंपरेने आपापल्या परीने लावण्यास वाव ठेवला. संदिग्धता दोन्हीकडे आहे. भेद आहे तो तिच्या स्थानाचा. तथापि दुसऱ्याने आपली पूर्वसेवा शून्यवत मानावी, ही अट कोणत्याही पक्षाने घातली नाही, आणि हाच दोन्ही प्रयोगांचा समान गाभा होय.

योहानकृत शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात आपले अनुयायी एक असावेत अशी येशूची प्रार्थना आहे आणि तिचा हेतू जगाने विश्वास ठेवावा हा सांगितला आहे. त्या दृष्टीने ऐक्य हे साक्षीचे अंग ठरते. केवळ कारभाराच्या सोयीने त्याचा उलगडा होत नाही. संयुक्त मंडळ्यांतही मालमत्तेचे व सत्तेचे कलह झाले आहेत, हे नाकारता येत नाही. म्हणूनच घटनात्मक संयोग ही ऐक्याची पूर्ती समजणे योग्य नव्हे. परस्परांच्या सेवेत देवाचे कार्य ओळखण्याची जी तयारी १९४७ व १९७० मध्ये दिसली, ती पुढील प्रत्येक पिढीस नव्याने दाखवावी लागते.